वाटणीचे अपूर्णांक कॉम्प्युटरच्या कॅल्क्युलेटरवर मांडताना या चुका टाळा

नाशिकला सीबीएसच्या (मध्यवर्ती बसस्थानकाच्या) भागात मी बरीच वर्षं वाटणीपत्रं आणि हक्कसोडपत्रं टाइप करून देतो. लोक घरूनच आकडेमोड करून आणतात, आणि चुका त्याच त्या असतात. त्यातली सगळ्यात महागडी आधी सांगतो.

दोन एकर वीस गुंठे जमीन आपल्याकडे बोलताना ‘दोन एकर वीस’ होते आणि कागदावर २.२०. ते टिंब दशांश चिन्ह नाही. एकरात ४० गुंठे असतात, म्हणून दोन एकर वीस म्हणजे अडीच एकर. कॅल्क्युलेटरला हे कळायचा काही मार्ग नाही. त्याच्या लेखी २.२० म्हणजे दोन पूर्णांक दोन दशांश.

निफाड तालुक्यातलं एक कुटुंब आलं होतं. तीन भाऊ, एक बहीण, चार सारखे हिस्से. पुतण्याने लॅपटॉपवर २.२० ला ४ ने भागलं, ०.५५ आले, त्याला ४० ने गुणून प्रत्येकी २२ गुंठे लिहून आणले. मी मसुदा वाचून दाखवत होतो. तिसऱ्या हिश्श्यापाशी थोरल्या नानांनी मला थांबवलं. शाळेत पावकी, निमकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हटलेला माणूस. “अडीच एकराचे चार वाटे पंचवीस-पंचवीस गुंठ्यांचे. तू हे बावीस कुठून आणलेस रे?” पुतण्या पुन्हा पुन्हा तेच भागून दाखवत होता, “नाना, कॅल्क्युलेटर चुकत नाही.” खरंच चुकला नव्हता, त्याला दिलेला आकडाच चुकीचा होता. पण तोवर बहिणीने २२ चोक ८८ केले होते आणि उरलेले १२ गुंठे भावांनी बाजूला ठेवले असं तिच्या मनात आलं होतं. १२ गुंठे म्हणजे १३,०६८ चौरस फूट. कागद दुरुस्त करायला मला पाच मिनिटं लागली, पण त्या दिवशी ती माणसं वेगवेगळ्या रिक्षांनी परत गेली.

म्हणून माझी सवय अशी की कॅल्क्युलेटर उघडण्याआधी सगळ्याचे गुंठे करायचे: २ × ४० + २० = १००. मग हिस्से. शेवटी सगळ्या हिश्श्यांची बेरीज पुन्हा १०० येते का, ते बघायचं. बेरीज जुळल्याशिवाय मी प्रिंट काढत नाही, समोरचा कितीही घाईत असो.

सातबाऱ्यावरचं क्षेत्र मात्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि तिथे टिंब चालतं, कारण १०० चौरस मीटरचा एक आर आणि १०० आरचा एक हेक्टर. तीच अडीच एकर जमीन तिथे १.०१.१७ दिसते, ती १.०११७ अशी टाकली तरी बरोबर. एकाच हिशेबात गुंठे आणि आर मिसळले, की पुन्हा गोंधळ.

दुसरी चूक कॅल्क्युलेटरच्या प्रकाराची. विंडोजचा कॅल्क्युलेटर बहुतेकांकडे स्टँडर्ड मोडमध्ये उघडतो आणि तो डावीकडून उजवीकडे जसं येईल तसं करत जातो. स्वतःचा अर्धा हिस्सा, त्यात भावाने सोडलेला एक तृतीयांश, म्हणून १ ÷ २ + १ ÷ ३ टाकलं. उत्तर येतं ०.५. अर्ध्यात एक मिळवला, दीड झाले, दिडाला तीनने भागलं, परत अर्धाच! भावाने सोडलेला हिस्सा गायब. हेच सायंटिफिकमध्ये टाका, ०.८३३३ येतात, म्हणजे पाच षष्ठांश, आणि तेच खरं. ऑल्ट दाबून २ दाबलं की सायंटिफिक, ऑल्ट आणि १ ला स्टँडर्ड. शिकाऊ मुलं एवढं एक बटण दाबायला कंटाळतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. स्टँडर्डमध्येच राहायचं असेल तर आधी एमसी (मेमरी पुसायला), मग १ ÷ २ = करून एम प्लस (मेमरीत मिळवायला), १ ÷ ३ = करून एम प्लस, शेवटी एमआर (मेमरीतली बेरीज बघायला).

सायंटिफिकमध्ये आलात म्हणून कंस विसरू नका. पाऊण भागिले दोन तृतीयांश हे (३ ÷ ४) ÷ (२ ÷ ३) असंच टाकायचं, उत्तर १.१२५. कंस गाळले तर ०.१२५ येतं.

अडीच गुणिले तीन करताना (२ + १ ÷ २) × ३. काहीजण चक्क २.१ ÷ २ टाकतात.

मधल्या पायरीला आकडा तोडणं ही वाईट सवय. एका भावाचा चौथा हिस्सा पुढे त्याच्या तीन वारसांत गेला, तर प्रत्येकाला १/१२. ते कुणी ०.०८ लिहून घेतं आणि १०० गुंठ्यांना लावतं. आठ-आठ गुंठ्यांचे तीन हिस्से २४ होतात, भावाच्या पंचविसातला एक गुंठा बेवारस. मी नेहमी आधी गुणतो आणि सर्वांत शेवटी भागतो: १०० × १ ÷ १२. येतात ८.३३ आणि पुढे तीनच तीन, पण कागदावर मी ‘आठ पूर्णांक एक तृतीयांश’ असं अक्षरी लिहितो.

आणि एक्सेलमध्ये हिस्से मांडणाऱ्यांसाठी: रकान्यात नुसतं १/४ टाकलं तर भारतीय सेटिंगमध्ये त्याची एक एप्रिल होते, १/१२ ची एक डिसेंबर. आधी शून्य, मग स्पेस, मग १/४ टाका, तो अपूर्णांकच राहील.