कोय कलम: दोन कोंबांची वेळ जुळवण्याचा नाद

हापूसची कोय पुरली की झाड येतं, पण हापूस येतोच असं नाही. कोयीतला गर्भ परागीभवनातून झालेला असतो, त्यामुळे झाड आईसारखं निघेलच याचा भरवसा नाही, आणि फळासाठी सहा-आठ वर्षं वाट पाहावी लागते ती वेगळीच. म्हणून कलम: खालच्या रोपावर, म्हणजे खुंटावर, हव्या जातीची काडी जोडायची. आंब्याची भेट कलम, व्हिनियर, मृदकाष्ठ अशी कलमं आहेत, पण घरच्या घरी शिकायला कोय कलमाइतकं, म्हणजे कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर काडी बसवण्याइतकं, सोपं आणि स्वस्त दुसरं नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ही पद्धत बसवून दिली आणि कोकणातल्या रोपवाटिका तिच्यावरच उभ्या राहिल्या. सामान म्हणजे धारदार चाकू, प्लॅस्टिकची पट्टी आणि खाऊन उरलेल्या कोयी. एकदा हाताला यश आलं की पुढच्या मे महिन्यात घरातली एकही कोय उकिरड्यावर जात नाही.

हात बसायला दोन दिवस पुरतात. खरं कौशल्य वेळ जुळवण्यात आहे. खुंटाचं रोप कोवळं असण्याचे दिवस आणि वरच्या काडीचा डोळा (शेंड्याची कळी) फुगण्याचे दिवस एकत्र यायला हवेत. दोन्हीला जेमतेम आठवडाभराची सवड असते.

कोयी

खुंटासाठी रायवळ (गावठी) आंब्याच्या, पूर्ण पिकलेल्या फळाच्या कोयी घ्या. गर धुऊन काढा, सावलीत एक दिवस सुकवा आणि पाण्यात टाका. तरंगतील त्या फेकून द्या. त्या पोचट असतात किंवा आत भुंग्याची अळी असते. कोयीचा जीव फार टिकत नाही, म्हणून आठ-दहा दिवसांच्या आत पेरा. लावण्याआधी लिटरभर पाण्यात 1 ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घालून पाच मिनिटं बुडवल्या की कूज कमी होते.

पिशवी साधारण 6 बाय 8 इंचाची, खाली चार-पाच भोकं. लाल माती, शेणखत आणि वाळू 2:1:1. कोय आडवी, फुगीर बाजू वर ठेवून 4–5 सें.मी. खोल पुरा. उलटी पडली तर कोंब कोयीला वळसा घालून बाहेर येतो, खोड वाकडं होतं, आणि वाकड्या खोडावर चीर सरळ जात नाही. दहा कलमं हवी असतील तर वीस-पंचवीस कोयी लावा. काही उगवत नाहीत, काही मरतात, काहींची जाडी जमत नाही.

दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतात. पहिला कोंब दिसला, की लगेच काडीच्या कामाला लागा.

काडी

ज्या झाडाची फळं स्वतः खाल्ली आहेत त्याच झाडाची काडी घ्यावी. कोणी 'केसरच आहे' म्हणून दिलेल्या काडीवर चार-पाच वर्षं घालवायची नसतात. बाहेरच्या बाजूची, ऊन खाणारी, तीन-चार महिन्यांची शेंड्याची फांदी निवडा. या हंगामात तिला मोहोर आलेला नसावा. जाडी रोपाच्या खोडाएवढी, म्हणजे पेन्सिलीच्या आतबाहेर. फांदी झाडावरच ठेवून पानांची पाती कापून टाका, देठ मात्र राहू द्या. झाडाला पानाचं काम उरत नाही, रस शेंड्याकडे वळतो आणि डोळा फुगतो.

आठ-दहा दिवसांनी देठाला बोट लावून पाहा. नुसत्या स्पर्शाने देठ गळला आणि शेंडा टपोरा दिसला, पण उमलला नसेल, तर काडी तयार आहे. देठ घट्ट असेल तर दोन दिवस थांबा. डोळा उमलून हिरवी टोकं दिसू लागली असतील तर ती काडी सोडून द्या. जोड भरायच्या आधीच ती पालवी काढते, तिला खालून रस मिळत नाही आणि दोन दिवसांत ती सुकते.

तयार काडी 10–15 सें.मी. लांब कापा आणि त्याच दिवशी वापरा. लांबून आणायची असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून वर प्लॅस्टिक. दोन दिवस निभावतात.

जोड

रोप उगवून दहा ते पंधरा दिवस झालेलं हवं. पानं तांब्याच्या रंगाची, खोड नखाने सहज दबेल इतकं कोवळं. पानं हिरवी झाली की खोडात काष्ठ धरू लागतं आणि यश झपाट्याने उतरतं.

रोप कोयीपासून 6–8 सें.मी. वर आडवं छाटा. मधोमध सरळ खाली 4 सें.मी. चीर द्या, कोयीपर्यंत नेऊ नका. काडीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तितकीच लांब पाचर काढा. चाकू एका ओढीत चालला पाहिजे. खरवडून काढलेली पाचर उंचसखल होते, मध्ये पोकळी राहते आणि तिथेच बुरशी धरते. कापल्यावर मिनिटभरात कड तपकिरी पडू लागते, तेव्हा आधी चीर, मग पाचर, आणि लगेच बसवणं, असा क्रम ठेवा. प्रत्येक कलमानंतर चाकूचा चीक पुसा.

साल सालीला भिडली पाहिजे, कारण जोड सालीच्या आतल्या पातळ जिवंत थरातूनच भरतो. काडी बारीक असेल तर मध्यावर न बसवता एका कडेला सरकवा. एक बाजू नीट जुळली तरी चालते, दोन्ही बाजू अर्धवट चालत नाहीत.

आता पट्टी: दीड-दोन सें.मी. रुंद, फूटभर लांब, पातळ पॉलिथीनची. ती खालून वर गुंडाळत न्या. असं केलं की वरचा वेढा खालच्यावर चढतो आणि पाणी कौलावरून जावं तसं बाहेर निथळतं. वरून खाली बांधली तर प्रत्येक वेढा पन्हळ होतो आणि पाणी थेट जोडात उतरतं. पट्टी ताणून बांधा, कोवळं खोड चिरडेल इतकी नको. शेवटी काडीवर मुलांच्या पेप्सीकोल्याची नळी टोपीसारखी चढवून जोडाखाली दोऱ्याने बांधा. आत दमटपणा राहतो, काडी सुकत नाही. कोकणातल्या पावसात टोपीशिवाय एखाद्या वेळी निभेल, घाटावर मुळीच नाही.

पिशव्या पावसाच्या थेट माऱ्यात नकोत आणि उन्हातही नकोत. उन्हात टोपीत वाफ कोंडून काडी शिजते. गॅलरीची कड किंवा 50 टक्के शेडनेट ठीक. माती ओली ठेवा, पण चिखल नको. कोय मात्र उकरून पाहू नका, रोपातच चिकटलेली राहू द्या. पहिले काही आठवडे तिच्यातल्या अन्नावरच जोड भरतो.

मग वाट पाहायची

या दिवसांतच नाद लागतो. रोज सकाळी टोपीतून डोळा पाहायचा, आणि हात मात्र लावायचा नाही. काडी हिरवी राहिली तर आशा आहे. पंधरा ते वीस दिवसांत डोळा हलतो आणि तांबूस पालवी टोपीच्या आतून टेकते. तेव्हा संध्याकाळी टोपी काढा. दुपारी काढली तर कोवळी पानं लगेच माना टाकतात.

काडी वरून खाली काळी पडली तर ती जून नव्हती किंवा सुकली. जोडापासून वर काळी पडली तर पाणी शिरलं किंवा चाकू अस्वच्छ होता. काडी हिरवी असूनही महिनाभर डोळा हलला नाही तर बहुधा जोड नीट भिडलेला नाही. जोडाखाली फुटवे आले तर खुडत राहा, नाहीतर सगळा रस रायवळ घेऊन जातो. काडी मेली आणि खुंट जगला, तर मात्र एक सरळ फुटवा वाढू द्या. तो तांबूस असताना त्याच्यावर मृदकाष्ठ कलम, म्हणजे कोवळ्या फुटव्यावरचं कलम, करता येतं, चीर आणि पाचर हीच.

दोन-तीन महिन्यांनी पट्टी जोडाच्या मागून ब्लेडने उभी कापा. ती विसरली तर खोडात करकोचा पडतो आणि पुढे वाऱ्यात झाड तिथेच मोडतं. पुढच्या जूनमध्ये जमिनीत लावताना जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. पहिली तीन वर्षं मोहोर खुडून टाका. जीवावर येतं, पण त्या वयात फळ धरलं तर फांद्या वाढत नाहीत.

कुठली जात? जागा कमी असेल तर आम्रपाली बुटकी राहते. हापूस एक वर्षाआड धरतो आणि आत साका पडतो, म्हणजे गर आतून खराब निघतो. ज्यांना तो त्रास नको त्यांनी रत्ना लावावा: नीलम आणि हापूसचा संकर, 1981 साली वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातून आलेला. गोव्यात अर्थातच मानकुराद.

परसात जुनं रायवळ असेल तर पुढचा खेळ त्याच्यावर. फांद्या टप्प्याटप्प्याने छाटा, सगळ्या एकदम नकोत. कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, नाहीतर बुरशी शिरते. नवे फुटवे तांबूस असताना प्रत्येक फांदीवर वेगळी जात बांधा. जोमदार जात दुबळीचा रस ओढून घेते, म्हणून तिला दरवर्षी थोडं छाटावं लागतं. आणि प्रत्येक फांदीला पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने नाव कोरून, तारेने सैल अडकवा. शाईने लिहिलेलं एका पावसात जातं.