बेंडिगोच्या खाणीत गेलेला पूर्वज शोधताना

माझ्या सासूबाई मेलबर्नच्या. त्यांच्या खापरपणजोबांचा धाकटा भाऊ इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात, बेंडिगोच्या खाणींत सोनं काढायला आला आणि चोविसाव्या वर्षी गेला, एवढंच घरात ठाऊक होतं. लग्न नाही, मूलबाळ नाही. अशा माणसाची आठवण सांगणारं मागे कुणी उरत नाही, म्हणून शोध त्याच्या मृत्यूपासूनच सुरू करा.

व्हिक्टोरियात सरकारी जन्ममृत्यू नोंद 1 जुलै 1853 पासून आहे. त्याआधीचं चर्चच्या दफन-नोंदींत बघायचं. नोंदींच्या इंडेक्समध्ये नाव सापडलं की दाखल्याचे पैसे भरायला कचरू नका. इथला जुना मृत्यूदाखला फार बोलका असतो: आईवडिलांची नावं, जन्मगाव, वसाहतीत किती वर्षं काढली, कुठे पुरलं, दफनाला साक्षीदार कोण. पण माहिती देणारा खाणीतला जोडीदार असेल, तर आईवडिलांच्या रकान्यात ‘माहीत नाही’ एवढंच मिळतं. आमचं तेच झालं. तेव्हा त्या जोडीदाराचं नाव टिपून ठेवा.

नाव सापडेना तर स्पेलिंग बदलून बघा; कारकून कानावर पडेल तसं लिहीत. गावाचंही तसंच. बेंडिगोचं अधिकृत नाव 1891 पर्यंत सँडहर्स्ट होतं, हे कळेपर्यंत माझे दोन महिने वाया गेले.

आमांश किंवा विषमज्वराने गेलेल्यांसाठी बहुतेकदा दाखला आणि दफनवही यांवरच भागवावं लागतं. अपघात असेल तर मात्र कोरोनरच्या, म्हणजे संशयास्पद किंवा अपघाती मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, चौकशीची फाइल शोधाच. या फायली व्हिक्टोरियाच्या पब्लिक रेकॉर्ड ऑफिसात आहेत, जुन्या ऑनलाइन वाचता येतात. आमच्या फाइलमध्ये जोडीदाराची जबानी निघाली. रहाटाने वर ओढताना दोर तुटला, मी खाली उतरलो, तो अजून बोलत होता. खाली सहीच्या जागी शाईची थरथरती फुली. सासूबाई बराच वेळ स्क्रीनवर त्या फुलीवर बोट ठेवून बसल्या.

चौकशीची तारीख मिळाली की ट्रोव्हवर, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या ऑनलाइन संग्रहात, त्या आठवड्याचा ‘बेंडिगो ॲडव्हर्टायझर’ काढा. खाण नेमकी कुठे होती ते बातमीत सापडू शकतं. मग दफनभूमीच्या कार्यालयात कबरीचा भाग आणि क्रमांक विचारा. लाकडी खुणा केव्हाच कुजून गेल्या. बेंडिगोच्या व्हाइट हिल्स दफनभूमीत आम्ही शेजारच्या दोन दगडांपासून पावलं मोजत जागा धरली, नुसतं गवत होतं.

सासूबाईंनी आता त्या जोडीदाराचा दाखला मागवलाय.