आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर जखम का चिघळते : या चुका टाळा

मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावरच्या जखमेत पू झाला की वॉर्डात पहिला संशय ड्रेसिंगवर येतो, दुसरा रुग्णाच्या स्वच्छतेवर आणि तिसरा, काहीही आधार नसताना, त्याच्या आहारावर. प्रत्यक्षात हा जंतुसंसर्ग बहुतेक वेळा टाके पडण्यापूर्वीच पेरला गेलेला असतो. आतडे उघडले की ई. कोलाय, बॅक्टेरॉइडिस यांसारखे त्यातले जंतू जखमेच्या कडांपर्यंत पोहोचणारच. ते किती संख्येने पोहोचतील आणि त्यांच्याशी झुंजण्याची ताकद तिथल्या ऊतींत किती उरेल, हे मात्र आपण त्या काही तासांत काय करतो यावर ठरते.

सर्वांत त्रास देणारी चूक प्रतिजैविकाच्या वेळेची आहे. छेद घेताना औषध रक्तात आणि ऊतींत पुरेशा प्रमाणात असावे, एवढाच या डोसचा हेतू असतो. त्यामुळे सेफाझोलिन छेदाच्या आधीच्या ६० मिनिटांत शिरेतून गेले पाहिजे आणि ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जंतूंसाठी त्याच्या जोडीला मेट्रोनिडाझोल दिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित शस्त्रक्रियेच्या तपासणी-यादीतला प्रश्नसुद्धा ‘गेल्या ६० मिनिटांत प्रतिजैविक दिले का’ असाच आहे. घाईत असलेले नवशिके त्यातली वेळ गाळून फक्त ‘दिले का’ एवढेच वाचतात, आणि खूण करून मोकळे होतात.

एका रुग्णालयात पाहिलेला प्रसंग सांगतो. कर्करोगामुळे डाव्या बाजूचे मोठे आतडे काढायचे होते, रुग्ण मधुमेही होता आणि त्या दिवशीच्या यादीत त्याचा क्रमांक दुसरा होता. सकाळी वॉर्डातच त्याला इंजेक्शन देण्यात आले. पहिली शस्त्रक्रिया लांबली आणि याच्या पोटावर छेद घेतला गेला तेव्हा इंजेक्शनला तीन तास उलटून गेले होते. पुढे शस्त्रक्रियाही बरीच लांबली, पण दुसरा डोस कोणी दिला नाही. सेफाझोलिन दर चार तासांनी, किंवा रक्तस्राव दीड लिटरच्या वर गेल्यास त्याआधीच, पुन्हा द्यावे लागते. सहाव्या दिवशी ताप आला, जखमेची खालची कड लाल झाली आणि दुसरी चूक सुरू झाली : प्रतिजैविक बदलले, मग पुन्हा बदलले, रोज वरून स्वच्छ ड्रेसिंग होत राहिले, मात्र जखम ‘वरून चांगली दिसते’ म्हणून टाका काढायला कोणी धजावले नाही. मला दाखवायला बोलावले तेव्हा लाल भागावरचे तीन-चार टाके काढताच वाटीभर दुर्गंधीयुक्त पू बाहेर आला. ताप उतरला, पण तोवर खालचे स्नायूंचे आवरण सडू लागले होते आणि त्याच जागी पुढे हर्निया झाला.

साचलेला पू बाहेर काढणे हाच त्यावरचा खरा इलाज आहे. लाली पसरत असेल, ताप असेल किंवा रुग्णाची प्रतिकारशक्ती क्षीण असेल तर प्रतिजैविक जोडीला द्यावे, आणि ते निवडण्यासाठी पू कल्चरला पाठवावा. टाके न उघडता नुसते औषध बदलत राहणे म्हणजे दिवस वाया घालवणे होय. माझी स्वतःची सवय अशी की इंजेक्शन वॉर्डात द्यायचेच नाही. रुग्ण टेबलावर आला की भूलतज्ज्ञ ते देतात, मी ‘दिले का’ असे न विचारता ‘किती वाजता दिले’ असे विचारतो, आणि पुढच्या डोसची वेळ तिथल्या तिथे फळ्यावर लिहून घेतो. याच्या उलट, वेळ चुकली म्हणून किंवा मनाच्या समाधानासाठी तेच औषध आठवडाभर चालू ठेवणारेही बरेच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालीच या प्रथेविरुद्ध स्पष्ट सल्ला दिला आहे : शस्त्रक्रियेनंतर डोस लांबवल्याने जखम सुरक्षित होत नाही, जंतू मात्र औषधाला दाद देईनासे होतात आणि क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूचे जुलाब मागे लागतात.

थंडीकडे तर कोणी चूक म्हणूनही पाहत नाही. पोट उघडे, सलाइन गार, खोली गार आणि भुलेमुळे शरीराचे तापमान-नियंत्रण मंदावलेले. अशा वेळी रुग्णाचे तापमान घसरते, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, तिथे ऑक्सिजन कमी पोहोचतो आणि पांढऱ्या पेशींची जंतू मारण्याची क्षमता घटते. १९९६ साली मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या २०० रुग्णांवरील अभ्यासात, ज्यांचे तापमान घसरू दिले होते त्यांच्यापैकी १९ टक्के आणि ज्यांना उबदार ठेवले होते त्यांच्यापैकी ६ टक्के रुग्णांना जखमेचा संसर्ग झाला. हा अभ्यास जुना आहे आणि पुढच्या सगळ्याच चाचण्यांत एवढा मोठा फरक दिसलेला नाही, तरीही उष्ण हवेचे पांघरूण आणि कोमट सलाइन यांसाठी लागणारे कष्ट इतके थोडे आहेत की ते टाळण्याचे समर्थन मला मान्य नाही. तापमान ३६ अंश सेल्सियसच्या खाली जाऊ देऊ नये आणि पांघरूण भूल देण्यापूर्वीच घालावे.

वस्तरा वापरू नये. केस काढणे अगदीच गरजेचे असेल तर क्लिपर वापरावे. अल्कोहोलयुक्त द्रावण त्वचेवर पूर्ण वाळू द्यावे. नियोजित शस्त्रक्रियेत नुसते जुलाबाचे औषध देऊन आतडे ‘साफ’ करण्यावर विसंबू नये, त्याच्या जोडीला तोंडाने घेण्याची प्रतिजैविके द्यावीत. पोट बंद करण्यापूर्वी हातमोजे आणि अवजारे बदलावीत : २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, सात देशांतल्या १३,००० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत एवढ्याच बदलाने संसर्गाचे प्रमाण १८.९ वरून १६ टक्क्यांवर आले.

लठ्ठपणा, स्टेरॉइड, गुदाशयाची शस्त्रक्रिया, आणीबाणी यांतले बरेच काही आपल्या हातात नसते. धूम्रपान मात्र किमान चार आठवडे आधी थांबवता येते, रक्तातली साखर २०० मिलिग्रॅमच्या खाली ठेवता येते, आणि कुपोषित रुग्णाची तारीख, आजार थांबू देत असेल तर, पुढे ढकलता येते. तारीख मिळाली म्हणून घाई करणाऱ्यांना हे सांगून पटत नाही. पोटात मळ पसरलेला असेल तर त्वचा लगेच शिवून टाकण्याचा हट्ट नको; ती काही दिवस उघडी ठेवून नंतर शिवता येते.

दोन प्रसंगी मात्र थोडाही वेळ घालवू नये. पहिल्या ४८ तासांतच जखम असह्य दुखू लागली, गढूळ पाणी वाहू लागले किंवा त्वचेखाली हवा कुरकुरू लागली तर तो साधा संसर्ग नसून ऊती सडवणारा संसर्ग असू शकतो. तसेच पू काढूनही ताप उतरत नसेल, सीआरपी (दाह दाखवणारी रक्तचाचणी) खाली येत नसेल किंवा जखमेतून मळासारखा द्रव येत असेल तर आतड्याचा जोड गळत असल्याची शंका घेऊन लगेच सीटी स्कॅन करावा.

आणि टाके कोरडे दिसले म्हणून रुग्णाला नुसते ‘सगळे ठीक आहे’ म्हणून घरी पाठवू नये. संसर्गाची गणना शस्त्रक्रियेपासून ३० दिवसांपर्यंत होते आणि बरेच संसर्ग घरी गेल्यावरच दिसतात. जखमेभोवती वाढणारी लाली, नव्याने सुरू झालेले दुखणे, स्राव किंवा ताप यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दाखवायला यावे, हे रुग्णाला आणि घरच्या एका माणसाला तोंडी सांगावे आणि डिस्चार्जच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहूनही द्यावे.