जुनी इलेक्ट्रिक गिटार पारखायची कशी

जुनी गिटार हातात आली की बहुतेकजण आधी हेडस्टॉक, म्हणजे खुंट्या असलेलं वरचं टोक, बघतात. नाव, मग सिरियल नंबर, मग साल. साल कळलं की कान काम करायचे थांबतात. १९६२ म्हटलं की साधा ई मेजरसुद्धा गोड लागतो. म्हणून माझी पहिली सूचना: साल विचारू नका. निदान पहिला अर्धा तास तरी नाही.

गेली १८ वर्षं मी गिटारी वाजवते, दुरुस्त करते, सेटअप करून देते. जुन्या वाद्यांवर माझा जीव आहे, आणि म्हणूनच त्यांच्याबद्दल कुणी उगाच काहीतरी बोललं की मला त्रास होतो. पन्नास-साठच्या दशकातल्या गिटारींचं जे नाव आहे ते त्या सालांनी कमावलेलं नाही, त्यातल्या काही गिटारींनी कमावलेलं आहे. तुमच्या समोरची गिटार त्यांच्यापैकी आहे का, हे एका दुपारी कळू शकतं. कापो (तारा दाबून धरणारा चिमटा), मल्टीमीटर, टॉर्च, तारांचा नवा संच आणि तोंडावर खरं बोलणारा एक मित्र, एवढं जमवा.

सुरुवातीला ॲम्प बंदच राहू द्या. नव्या तारा चढवा, गिटार पोटाशी धरा आणि मोकळी कॉर्ड छेडा. चांगल्या गिटारीची बॉडी बरगडीला जाणवते. मग प्रत्येक तारेवरचा प्रत्येक फ्रेट (बोटांखालची धातूची पट्टी) एकेक करून वाजवा, सावकाश, स्वर पुरता विझेपर्यंत. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. एखादा स्वर शेजारच्या स्वरांपेक्षा लवकर मरत असेल तर तिथे नेक, म्हणजे गिटारीची मान, तारेची ताकद पिऊन टाकते आहे, कारण नेकची स्वतःची कंपनं त्या स्वराशी जुळतात. असे मेलेले स्वर नव्या गिटारीत असतात तसेच जुन्यातही असतात. वय वाढलं म्हणून ते जात नाहीत.

आता नेक बघा. पहिल्या फ्रेटवर कापो लावा, बॉडीला नेक मिळते तिथल्या फ्रेटवर सहावी तार दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट राहते ते बघा. ०.०१० इंचाची पहिली तार त्या फटीतून जेमतेम सरकली, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर, तर उत्तम. फट जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची सळई, घट्ट करून ती कमी होते का बघायचं. फेंडर कंपनीच्या जुन्या गिटारींमध्ये या सळईचा नट नेकच्या टाचेकडे, म्हणजे बॉडीकडच्या टोकाला, असतो, त्यामुळे नीट फिरवायचा तर बहुतेक वेळा नेक उतरवावी लागते. मालकाची परवानगी घ्या आणि नट आधीच शेवटपर्यंत आवळलेला नाही ना, याची खात्री करा. आवळूनही नेक सरळ होत नसेल तर ती गिटार खाली ठेवा. त्यापुढे सालाने काही फरक पडत नाही.

त्यानंतर बाराव्या फ्रेटवर पहिली तार दाबून पूर्ण एक स्वर वर ओढा. फेंडरच्या जुन्या स्ट्रॅटोकास्टर (म्हणजेच स्ट्रॅट) आणि टेलिकास्टरचा फिंगरबोर्ड बराच गोल असतो, ७.२५ इंच त्रिज्येचा. गिब्सन कंपनीच्या जुन्या गिटारींचा १२ इंचांचा, म्हणजे त्याहून सपाट. गोल फिंगरबोर्डवर कॉर्ड धरताना बोटं अलगद बसतात, पण ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटवरची उंची, खाली आणली आणि तार ओढली की ती वरच्या फ्रेटला टेकते आणि स्वर गुदमरतो. हा त्या गिटारीचा बिघाड नव्हे, तिची घडणच तशी आहे. तुम्ही सोलोमध्ये तारा खूप ओढत असाल तर ॲक्शन वर ठेवायची मनाची तयारी हवी.

मगच ॲम्प. पहिली गुणगुण ऐकू येईल, कारण सिंगल कॉइल पिकअप (तारांखालचा चुंबक आणि त्याच्याभोवतीचं वायरचं एकच गुंडाळं) वीजवाहिन्यांचा गुंजारव पकडतो. १९५७ पासून गिब्सनच्या गिटारींत आलेल्या हंबकर पिकअपमध्ये दोन कॉइल उलटसुलट जोडलेले असल्याने तो गुंजारव आपोआप कटतो. पुढच्या काही स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळून स्विचच्या ठराविक जागी ही गुणगुण कमी केली गेली. जुन्या स्ट्रॅटमध्ये ती सोय नाही. शिवाय १९५४ पासून १९७७ पर्यंत तिच्यात पिकअप निवडायला तीनच जागांचा स्विच होता. वादक तो दोन जागांच्या मधोमध अडकवून ठेवायचे आणि मिळालेल्या त्या पोकळ, काचेसारख्या आवाजावर कितीतरी संगीत उभं राहिलं. कारखान्याने पाच जागांचा स्विच नंतर दिला. मला ही गोष्ट फार आवडते, कारण आपण ज्याला स्ट्रॅटचा अस्सल आवाज म्हणतो त्यातला एक हिस्सा वादकांनी शोधून काढलेला आहे.

मल्टीमीटर आता काढा. गिटारीला केबल लावा, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडा, आणि केबलच्या दुसऱ्या टोकावर जॅकचं टोक आणि दांडा यांच्यामध्ये रोध मोजा. साठच्या दशकातल्या स्ट्रॅटचा एकेक पिकअप साधारण साडेपाच ते साडेसहा किलोओहम दाखवतो, जुना हंबकर सात ते नऊ. आकडा दिसलाच नाही, किंवा शेकडो किलोओहम दिसला, तर वायर कुठेतरी तुटलेली आहे. जुन्या हंबकरच्या आकड्यांत एवढी तफावत का? गुंडाळणी एका मापाची नसायची. चुंबकही एका मापाचे नसायचे. शेजारशेजारी बनलेल्या दोन गिटारींतली एक मखमली वाजते आणि दुसरी निस्तेज, ते यामुळे. खरखरणाऱ्या पॉटची, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालच्या भागांची, काळजी करू नका, ते क्लीनरने बहुतेक वेळा सुटतात.

गिटार उघडायला मिळाली तर पॉटच्या पाठीवरचा आकडा वाचा. १३७६६३२ असेल तर १३७ हा बनवणाऱ्याचा, ६६ म्हणजे १९६६, ३२ म्हणजे आठवडा. एवढ्यावरून फक्त इतकंच कळतं की तो पॉट त्या आठवड्याच्या आधी बसवलेला नाही. फेंडरने १९६६ मध्ये पॉट मोठ्या संख्येने घेऊन ठेवले होते, त्यामुळे त्या सालाचे पॉट पुढच्या वर्षांतल्या गिटारींतही सापडतात.

मी हे शिकले ते माझ्या पहिल्या जुन्या गिटारीवर. विकणाऱ्याने सगळं मूळचं आहे असं सांगितलं होतं. दोन महिने मी तिच्या आवाजाबद्दल भेटेल त्याला सांगत होते, की जुन्या चुंबकांचं ते उबदारपण नव्यात येत नाही. एक दिवस जॅकचा डाख सुटला म्हणून पिकगार्ड, म्हणजे बॉडीवरचं झाकण, काढलं. आत चकचकीत नवा डाख आणि प्लॅस्टिकची वायर होती. पिकअप नवा होता. दोन महिने मी ज्याला पुरातन आवाज म्हणत होते, तो काही वर्षांपूर्वीचा होता. फसवलं गेल्याचं दुःख झालं, पण त्याहून जास्त लागलं ते हे, की तो आवाज खरंच चांगला होता. मग मी नक्की कशावर प्रेम करत होते?

त्याचं उत्तर पाठमोऱ्या चाचणीत मिळालं, आणि ही चाचणी तुम्हीही कराच. जुनी गिटार आणि तिच्याच घडणीची एक नवी गिटार घ्या. दोन्हींवर त्याच जाडीच्या नव्या तारा, तीच केबल, तोच ॲम्प, पिकअपची उंची आणि आवाजाची पातळी समान करून. तुम्ही भिंतीकडे तोंड करा आणि मित्राला दोन्ही गिटारींवर आलटून पालटून एकच ओळ वाजवायला सांगा. मी १० वेळा ऐकलं, ५ वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवूनही तेवढंच जमलं असतं. २०१० साली इंडियानापोलिसमध्ये २१ व्हायोलिनवादकांना काळे चष्मे घालून स्ट्रॅडिव्हरियस आणि गुआर्नेरी हे नावाजलेले जुने आणि काही नवे व्हायोलिन वाजवायला दिले होते, तिथेही जुनं-नवं नीट ओळखता आलं नाही आणि पसंती बहुधा नव्यालाच मिळाली.

पण चाचणीचा दुसरा भाग आहे. आता तुम्ही डोळ्यांवर पट्टी बांधा आणि स्वतः वाजवा. इथे मी १० पैकी १० वेळा ओळखलं, आणि कानाने नाही, डाव्या हाताच्या तळव्याने. जुन्या नेकच्या कडा पन्नास वर्षांच्या हातांनी झिजून गोटीसारख्या मऊ झाल्या होत्या, पाठीवरचं लॅकर पातळ होऊन लाकूडच हाताला लागत होतं. हात तिथे थांबायला तयार नसतो, आपोआप वर सरकतो. मी तिच्यावर वेगळं वाजवते, जास्त वेळ वाजवते, आणि जास्त निर्धास्त वाजवते. जुन्या गिटारीची कीर्ती मला तरी इथे खरी वाटते.

सालांबद्दल अजून थोडं. गिब्सनची सनबर्स्ट रंगातली लेस पॉल ही गिटार १९५८ ते १९६० या काळात बनली, फारशी खपली नाही, आणि १९६१ मध्ये तिच्या जागी पातळ, दोन शिंगांची बॉडी आली. जुना आकार १९६८ मध्ये परत आला, कारण मधल्या काळात ब्लूज वाजवणाऱ्यांनी त्या न खपलेल्या गिटारी उचलल्या होत्या. फेंडर कंपनी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीला विकली गेली आणि तेव्हापासूनच्या गिटारी वाईट असं सर्रास म्हणतात. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने १९६९ साली वूडस्टॉकच्या संगीत महोत्सवात वाजवलेली पांढरी स्ट्रॅट १९६८ ची, म्हणजे त्याच काळातली आणि तेव्हा जवळजवळ नवी. सत्तरच्या दशकातल्या अनेक गिटारी जड आहेत, पॉलिस्टरच्या जाड लेपाखाली दबलेल्या आहेत, हे खरं. पण काही अप्रतिम आहेत. अर्धा तास साल न विचारता वाजवा, त्या सापडतील.

शेवटी टॉर्च. गिब्सनचा हेडस्टॉक मागे बराच कललेला असतो, ५० च्या दशकात १७ अंश, आणि त्याच जागी ट्रस रॉडसाठी लाकूड पोखरलेलं असतं. गिटार पडली की नटच्या, म्हणजे नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, मागे तडा जातो. टॉर्च आडवी धरा. लॅकरच्या केसासारख्या भेगा कशाही, वेड्यावाकड्या पसरतात. लाकडाचा तडा रेषांच्या दिशेने तिरका जातो आणि नखाला लागतो. नीट चिकटवलेली नेक वर्षानुवर्षं टिकते, मी स्वतः अशी एक वाजवते. फक्त तडा आहे हे व्यवहाराआधी कळायला हवं.

घ्यायची ठरली तर फ्रेट आणि तारा टेकणारा नट खुशाल बदला, ते झिजण्यासाठीच असतात. रंग मात्र पुन्हा देऊ नका. काढलेला प्रत्येक भाग, अगदी गंजलेला स्क्रूसुद्धा, डबीत घालून तारखेची चिठ्ठी लावा आणि ती डबी गिटारीच्या केसमध्येच ठेवा. पुढच्या माणसाने पिकगार्ड उघडलं तर आत काय बदललंय, हे त्याला तिथेच वाचता येईल.