चिखल बुजवायला निघण्याआधी

डोंगरातल्या पायवाटेवरचा चिखल श्रमदानाने बुजवायचा असेल, तर तयारीच्या यादीतली पहिली वस्तू छत्री. कुदळ-फावडी नंतर. चिखलाची जागा कोरड्या दिवशी पाहिली तर फार तर एवढेच कळते की इथे चिखल होतो. तो का होतो, हे पाऊस चालू असताना किंवा मोठी सर थांबल्याथांबल्या कळते. म्हणून श्रमदानाची तारीख जाहीर करण्याआधी निदान दोघांनी भर पावसात त्या पायवाटेवर जाऊन यावे. चिखलापाशी थांबू नये, पाण्याच्या उलट दिशेने वर चढत जावे. बहुतेक वेळा थोड्याच अंतरावर अशी जागा सापडते, जिथे उतारावरचे पाणी वाटेवर आले, पलीकडे जायला तोंड मिळाले नाही म्हणून वाट धरूनच खाली वाहत सुटले. दुरुस्ती तिथे करायची असते. तिथले पाणी वळवले नाही, तर खालच्या खड्ड्यात कितीही दगड टाका.

ही पाहणी टाळून थेट कामाला लागणारे गट कमी नाहीत. माणसे जमतात, उत्साह असतो, दिवसभर दगड वाहिले जातात. पुढच्या मोठ्या पावसात ते दगड गाळात रुततात आणि चालणारे बाजूच्या गवतातून जाऊ लागतात. वाट रुंदावते ती अशीच. कडेचे गवत तुडवले जाऊन मरते, तिथेही चिखल होतो, मग लोक त्याच्याही कडेने जातात. म्हणून पाहणीच्या वहीत चिखलाची लांबी-रुंदी आणि काठी खुपसून मोजलेली खोली तर लिहावीच, पण बाजूने किती चोरवाटा पडल्या आहेत तेही लिहावे. काम संपताना त्या बंद करायला वेगळी माणसे लागतात, आणि त्यांचा हिशेब आधी कुणीच धरत नाही.

कारणे साधारण चार, आणि वहीत प्रत्येक जागेपुढे त्यातले एक लिहिलेले असले पाहिजे. पहिले वर सांगितले ते, वाटेवरून लांबवर वाहत येणारे पाणी. दुसरे म्हणजे बाहेरच्या कडेचा वरंबा. पायांच्या राबत्याने वाटेचा मधला भाग दबत जातो, सुटलेली माती बाहेरच्या कडेला साचते आणि पाणी दरीच्या अंगाला उतरू शकत नाही. हा वरंबा गवताने झाकलेला असतो, त्यामुळे नजरेला पटकन येत नाही. पायाने चाचपडून बघावा. तिसरे, सपाट जमीन. पाण्याला जायला उतारच नाही आणि दाबल्या गेलेल्या मातीत ते मुरतही नाही. चौथे कारण पाझर. आठ दिवस पाऊस नसूनही जागा ओली, भोवती लव्हाळे, दगडांवर शेवाळ, असे दिसले तर पाणी जमिनीतून वर येते आहे असे धरावे. पहिल्या दोन कारणांवर एका दिवसाच्या श्रमदानात चांगला इलाज होतो. उरलेल्या दोघांना साहित्य, वेळ आणि थोडा अनुभव लागतो. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्या गटाने तशी जागा हाती घेऊ नये असे माझे मत आहे.

उतार डोळ्यांनी ठरवू नये. डोंगरात नजर हमखास फसते. एक मीटर लांबीची सरळ पट्टी आणि गवंड्याकडे असते तशी छोटी पाणसळ बरोबर असली की पुरते. पट्टीचे एक टोक जमिनीवर टेकवून ती पाणसळीत आणायची आणि दुसऱ्या टोकाखालची पोकळी मोजायची. ५ सेंमी भरली तर उतार ५ टक्के. वाटेच्या रुंदीत बाहेरच्या अंगाला साधारण ५ टक्के उतार असला की पाणी पसरट, हळू आणि माती न उचलता निघून जाते. दुसरे माप वाटेच्या लांबीतल्या चढाचे. वाटेचा चढ बाजूच्या डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त असेल, तर पाणी वाट ओलांडून जाण्याऐवजी वाटेनेच धावते. म्हणजे बाजूचा उतार २० टक्के असेल तर वाटेचा चढ १० च्या आत हवा. हा नियम मोडलेल्या ठिकाणी डागडुजी दर पावसाला करावी लागते. तिथे वाटच थोडी सरकवून नव्याने आखायचा विचार करावा.

परवानगी लेखी घ्यावी. जमीन खासगी असो की सरकारी, माती कुठून काढणार, दगड कुठले उचलणार आणि पाणी कुठे सोडणार हे तिन्ही त्यात यायला हवे. पाणी सोडण्यावरून पुढे वाद होतात. वाटेवरचे गढूळ पाणी थेट ओढ्यात सोडू नये. गवत-झुडपांतून पसरू दिले की गाळ तिथेच अडतो. आणि मूळचीच पाणथळ जागा असेल, बेडूक, चतुर, पाणगवत यांचे घर असेल, तर तिथला निचरा करण्याचा विचार सोडून द्यावा. अशा ठिकाणी वाट उचलायची किंवा वळवायची.

कारण कळले, मापे झाली, परवानगी मिळाली, की उपाय ठरवायचा आणि मगच साहित्य. सर्वांत कमी मेहनतीचा उपाय आधी तपासावा. वरंबा असेल तर तो कापून माती वाटेच्या खोलगट भागात परत ओढणे एवढ्यानेही पुष्कळ जागा सुधारतात. त्या मातीतली मुळे आणि पालापाचोळा मात्र वेगळा काढावा, कारण कुजणारी माती पाणी धरून ठेवते. ज्या ठिकाणी पाणी अडून डबके होते, तिथे बाहेरच्या कडेला अर्धचंद्राकृती उथळ खोलगट काढतात. वाटेच्या लांबीत सुमारे ३ मीटर, मध्यावर बाहेरच्या अंगाला १५ टक्क्यांपर्यंत उतार आणि कडा इतक्या सौम्य की चालणाऱ्याला जाणवूही नये. चढावर एवढ्याने भागत नाही. तिथे त्या खोलगटाच्या खालच्या बाजूला ४-५ मीटर लांबीचा बुटका उंचवटा करावा लागतो, म्हणजे पाण्याला पुढे जायला चढ लागतो आणि ते बाहेर वळते. वाटेवर तिरका ओंडका किंवा दगडांची रांग बसवण्याची पद्धत जुनी आहे आणि लोकप्रियही. मला ती फारशी आवडत नाही. ओंडक्यामागे गाळ साचतो, वर्षभरात तो भरला की पाणी त्याच्यावरून जाते आणि माणसे त्याच्या कडेने. बसवायचाच असेल तर वाटेशी ४५ ते ६० अंशांचा कोन ठेवावा आणि साफसफाईची जबाबदारी कुणाकडे, तेही त्याच वेळी ठरवावे.

सपाट, कायम ओल्या जागेत वाट उचलून घ्यावी लागते. दोन्ही कडांना दगडांची किंवा ओंडक्यांची रांग, बाहेरून चर, तळाला जिओटेक्स्टाइल कापड, त्यावर खडीमिश्रित माती आणि मध्यभाग किंचित उंच. कापड गाळाला वर येऊ देत नाही आणि भरावाला खाली जाऊ देत नाही; ते नसेल तर भराव हळूहळू गाळात मिसळतो. या कामाआधी कागद-पेन घेऊन बसावे. ५ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि २० सेंमी उंच एवढा छोटा तुकडा धरला तरी भराव एक घनमीटर, म्हणजे १,००० लिटर. घमेल्यात १० लिटर माती मावते असे धरले तर १०० घमेली. पण धुमसाने ठोकली की माती खाली बसते, म्हणून सव्वाशे तरी धरावीत. माती ५० मीटरवरून आणायची असेल तर जाऊन-येऊन १०० मीटर, म्हणजे एकूण साडेबारा किलोमीटर चालणे, त्यातले निम्मे ओझ्यासह आणि घसरड्या जमिनीवर. हे आकडे समोर आले की एका दिवसात पन्नास मीटर वाट उचलू म्हणणारे आपोआप दहावर येतात. माती काढायची जागा वाटेवरून न दिसणारी आणि ओढ्यापासून दूर निवडावी. वरचा गवताचा थर अखंड काढून सावलीत ठेवावा, काम संपल्यावर खड्ड्याच्या कडा उतरत्या करून तो परत लावावा.

दगडांचाही असाच हिशेब आहे. ३० बाय ३० बाय २० सेंमीचा दगड पन्नास किलोच्या आसपास भरतो, आणि पाऊल ठेवायच्या दगडासाठी हे माप लहानच म्हणायचे. चालताना न हलणारा दगड हवा असेल तर त्याचा बराचसा भाग जमिनीत जायला हवा, म्हणजे वर दिसते त्याहून बराच मोठा दगड आणावा लागतो. तो हातांनी उचलायचाच नाही. पहारीने रेटत, आडव्या फळीवरून सरकवत आणायचा. दगड सरकवताना उताराच्या खालच्या बाजूला कुणीही उभे राहणार नाही, हा नियम सुरुवातीलाच मोठ्याने सांगावा आणि मोडणाऱ्याला कामावरून बाजूला बसवावे. यात भिडस्तपणा नको.

अवजारांबद्दल थोडक्यात. खोदायला कुदळ आणि टिकाव, ओढायला फावडे, मुळे कापायला कोयता किंवा छोटी करवत, पाने ओढायला दाताळे, दोन पहारी, धुमस, आणि वाटते त्याच्या दुप्पट घमेली. खोदणारा एक असेल तर वाहणारे दोन-तीन लागतात, त्यामुळे सगळ्यांच्या हाती कुदळी देऊन उपयोग नाही. आदल्या दिवशी प्रत्येक दांडा हलवून पाहावा. सैल दांड्याची कुदळ घरी ठेवावी. आधीच्या ठिकाणची माती अवजारांवर आणि बुटांवर राहिली असेल तर ती धुऊन काढावी, नाहीतर तिच्यातून नको त्या तणांचे बी नव्या जागी जाते. वाटेने जाताना अवजार खांद्यावर घेऊ नये. ते हातात, कमरेखाली, दरीकडच्या बाजूला धरावे, म्हणजे पाय घसरला तर ते बाहेर टाकून देता येते. दोन माणसांत चालताना आणि खोदताना ३ मीटर अंतर ठेवावे.

नोंदणी करताना प्रत्येकाकडून घरच्यांचा संपर्क, चालू औषधे आणि मधमाशीच्या दंशाची अॅलर्जी आहे का, एवढे विचारावे. धनुर्वाताची लस घेतली आहे का तेही विचारावे, कारण माती आणि जखम यांची गाठ इथे पडणारच. पायाला जखम असलेल्याला डबक्यात उतरवू नये. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार होतात. हातमोजे, घोटा झाकणारे बूट आणि दगड फोडणाऱ्याला चष्मा हे आणलेच पाहिजे. पिण्याचे पाणी माणशी दोन लिटरांच्या खाली नको. सहा-सात जणांमागे एक जाणता माणूस असावा, आणि त्याने स्वतः खोदत बसू नये. ज्यांना ओझे झेपत नाही त्यांना खुणेच्या फिती लावणे, मापे धरणे, येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवून वाट दाखवणे ही कामे द्यावीत. ती बिनमहत्त्वाची नाहीत. कुदळ चालू असताना मागून मोबाइल बघत येणारा माणूस हा खरा धोका असतो.

तारीख निवडताना सुट्टीचा दिवस बघण्याआधी माती बघावी. मूठभर माती दाबून गोळा करावा. गोळा टिकला आणि बोटाने दाबल्यावर फुटला, तर ओल नेमकी. हाताला लिबलिबीत चिकटत असेल तर आठवडाभर थांबावे, कारण अशी माती ठोकली की तिचा राडाच होतो. भुसभुशीत होऊन गळत असेल तर ती दबणार नाही. पाणी शिंपडावे लागेल आणि ते वाहून आणायला माणसे लागतील. हवामानाचा अंदाज आदल्या रात्री पाहावा. दुपारनंतर जोरदार पाऊस असेल तर नवी जागा उघडू नये, अर्धवट उकरलेली माती एका सरीत वाहून जाते.

कामाच्या दिवशी वरून खाली यावे. आधी पाणी वळवायची जागा पूर्ण करावी, मग खालच्या चिखलाला हात लावावा. खड्ड्यातला गाळ उपसून टाकला की काम झाले असे नवख्यांना वाटते, पण त्याने वाट आणखी खोल होते आणि पाणी आणखी साचते. आधी पाण्याला तोंड, मग गाळ, मग भराव. शेवटचा दीड तास राखून ठेवावा. त्यात चोरवाटांवर वाळक्या फांद्या आणि मोठे दगड आडवे टाकायचे, तुडवलेली जमीन थोडी सैल करून जवळचेच गवत लावायचे. या फांद्या चोरवाटेच्या तोंडाशीच नव्हे, नजर पोचते तिथपर्यंत टाकाव्यात, कारण पलीकडे मोकळी जमीन दिसली की लोक त्या ओलांडून जातात. अवजारे मोजून गोळा करावीत.

पहिल्या मोठ्या पावसानंतरची फेरी तयारीतच लिहून ठेवावी, कोण जाणार त्यांच्या नावांसकट. पाण्याची तोंडे पहिल्या पावसातच पाने आणि काटक्यांनी तुंबतात. ती फावड्याच्या पात्याच्या दीडपट रुंदीची तरी मोकळी करावी आणि निघालेली माती पुन्हा कडेला न रचता उतारावर लांब भिरकावून द्यावी, नाहीतर नवा वरंबा तिथूनच सुरू होतो. भरावावर पाणी थांबलेले दिसले तर तेवढ्याच जागी पट्टी-पाणसळ लावून उतार पुन्हा मोजावा आणि वहीतल्या जुन्या मापाशेजारी नवे माप लिहावे.