परराष्ट्र सेवा आणि पीसबिल्डिंग: मुंबईतल्या विद्यार्थ्यांनी आधी हाताने लिहायला बसावं

'आयएफएस (भारतीय परराष्ट्र सेवा) किंवा यूएन (संयुक्त राष्ट्रसंघ)' असं एका दमात म्हणणारी मुलं दरवर्षी भेटतात. या दोन वाटा वेगळ्या आहेत, हे पदवीच्या दुसऱ्या वर्षातच नीट समजून घ्या. आयएफएसची वाट यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून जाते आणि तिला वयाची भिंत आहे. खुल्या प्रवर्गाला ३२ वर्षांपर्यंत ६ प्रयत्न, ओबीसींना ३५ पर्यंत ९, एससी-एसटींना ३७ पर्यंत कितीही. यूएन आणि पीसबिल्डिंग, म्हणजे भांडणाऱ्या समाजांत शांतता उभी करण्याचं काम, या वाटेवर अशी एकच परीक्षा नाही. तिथे कामाचा अनुभव, एक परकी भाषा आणि नेमका लिहिलेला अर्ज चालतो. पदवीची तीन वर्षं दोन्हींची तयारी एकत्र होते. त्यानंतर मात्र एक निवडावी लागते.

पूर्व, मुख्य, मुलाखत, वैकल्पिक विषय म्हणून पीएसआयआर (राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध) घ्यावं की इतिहास, यावर भरपूर लिहून झालंय. ज्यावर कुणी बोलत नाही तो मुख्य परीक्षेचा पेपर 'अ'. ३०० गुण, ३ तास, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भारतीय भाषा. उत्तीर्ण व्हायला २५ टक्के, म्हणजे ७५ गुण. हे गुण एकूण बेरजेत धरत नाहीत, म्हणून क्लासवाले तो शिकवत नाहीत आणि मुलं 'क्वालिफायिंग तर आहे' म्हणून सोडून देतात. पण ७५ मिळाले नाहीत तर निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर, वैकल्पिकचे दोन, हे सगळे १७५० गुण विचारात घेतलेच जात नाहीत. वर्षभराची मेहनत गेली, प्रयत्न मोजला गेला, आणि गुणपत्रिकेवर कारण दिसतं ते आपल्याच मातृभाषेचं. हे फार लागतं.

मुंबईतली मुलं इथे जास्त अडकतात आणि त्याचं कारण साधं आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची. दहावीला गुणांसाठी संस्कृत किंवा फ्रेंच घेतलेलं. अकरावीला दुसऱ्या भाषेऐवजी आयटी. मराठीतलं शेवटचं सलग पान फार तर दहावीत लिहिलेलं असतं आणि परीक्षा येते तेव्हा मधे सात-आठ वर्षं गेलेली असतात. घरी, लोकलमध्ये, कट्ट्यावर मराठी अस्खलित असते, त्यामुळे आपण अडकू अशी शंकाही येत नाही. पण बोलणं वेगळं आणि तीन तास हात चालवणं वेगळं.

पेपर कसा असतो ते पाहा. निबंध १०० गुणांचा, साधारण ६०० शब्दांचा. उताऱ्यावरचे प्रश्न ६०. सारांशलेखन ६०. इंग्रजीतून मराठीत भाषांतर २० आणि मराठीतून इंग्रजीत २०. व्याकरण, म्हणी, वाक्प्रचार मिळून ४०. मुलं चुकतात ती शुद्धलेखनापेक्षा जास्त वेगात. निबंधावर दीड तास जातो, सारांश अर्धवट राहतो, भाषांतर कोरं. वेळ अशी बांधून घ्या: निबंध ५५ मिनिटं, उतारा ३५, सारांश ३५, दोन्ही भाषांतरं मिळून २५, व्याकरण १५, शेवटची १५ फेरवाचनाला. सारांश आणि उतारा आधी सोडवा, कारण तिथले गुण हक्काचे असतात. निबंध नंतर. निबंध ५०० शब्दांवर थांबला तरी माणूस नापास होत नाही. सारांश सुटला तर होऊ शकतो.

तयारी सुरू करण्यापूर्वी एक जुना पेपर, आयोगाच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतात, घड्याळ लावून पूर्ण सोडवा आणि मराठीच्या एखाद्या शिक्षकाकडून कडकपणे तपासून घ्या. ११० च्या वर आलात तर महिन्याला एक पेपर पुरे. ७५ ते ११० मध्ये असाल तर दर शनिवारी एक. ७५ च्या खाली आलात तर भाषेचा पुन्हा विचार करा. महाराष्ट्रातल्या उमेदवाराने मराठीच घ्यावी असा नियम नाही. दहावीपर्यंत हिंदीत निबंध लिहिले असतील तर हिंदी घ्या, गुजराती माध्यमातून आला असाल तर गुजराती. फक्त दहावीला ९८ मिळाले म्हणून संस्कृत घेऊ नका. शाळेत पाठ केलेली रूपं आणि कोऱ्या पानावरचा ६०० शब्दांचा निबंध यांत फार अंतर आहे. आणि अर्जात भरलेला पर्याय पुढे बदलता येईल असं गृहीत धरू नका.

घाबरून जाण्याचं मात्र कारण नाही. हा साहित्याचा पेपर नाही. छोटी, सरळ वाक्यं लिहिणारा, अलंकार टाळणारा विद्यार्थी आठ-दहा पूर्ण पेपर सोडवून आरामात पार होतो. बाकी पेपर इंग्रजीतून लिहिणार असाल तरी हे एवढं करायचंच.

आणि यातलं सारांशलेखन जीव लावून करा, कारण पुढे पोटापाण्याचं काम तेच आहे. दूतावासातला तरुण अधिकारी दिवसभर वाचतो, ऐकतो आणि संध्याकाळी दिल्लीला एक पानाचं टिपण पाठवतो. यूएनच्या एखाद्या मिशनमधली कार्यक्रम अधिकारीही तेच करते. सराव असा करा. शांतता मोहिमांवरचे महासचिवांचे अहवाल यूएनच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत. त्यातली दहा पानं घ्या. पहिल्यांदा पेन न उचलता वाचा. दुसऱ्यांदा फक्त दावे अधोरेखित करा, उदाहरणं सोडून द्या. मग अहवाल बंद करून एक पान लिहा आणि दुसऱ्या दिवशी त्या पानाचे १५० शब्द करा. जे गळलं त्याने निर्णय बदलला असता का, हे स्वतःला विचारा. बदलला असता तर सारांश चुकला.

सुरक्षा परिषदेचे ठरावही असेच वाचा. वरचा भाग पार्श्वभूमीचा, खालची क्रमांक घातलेली कलमं कृतीची. कलम 'आवाहन करते', 'मागणी करते' की 'निर्णय घेते' यावर त्याचा जोर ठरतो, आणि वाटाघाटीतल्या रात्री याच क्रियापदांवर जातात. २००० चा ठराव १३२५, महिला आणि शांततेबद्दलचा, आणि २०१५ चा ठराव २२५०, तरुणांबद्दलचा, हे दोन शेजारी ठेवून कलमानुसार वाचलेत तर चार व्याख्यानांत मिळणार नाही एवढं हाती लागेल.

एमयूएनबद्दल, म्हणजे विद्यार्थी देशांचे प्रतिनिधी होऊन भरवतात त्या यूएनच्या नकली सभांबद्दल, स्पष्ट सांगायला हवं. एक-दोन करा, उभं राहून बोलायची भीती जाते. त्यापुढे प्रमाणपत्रं जमवण्यात सुट्ट्या घालवू नका. निवड करणारे लोक तुम्ही प्रत्यक्षात काय हाताळलं ते विचारतात. मार्गदर्शकाचंही तसंच. निवृत्त राजदूतांसोबतचा फोटो कामाला येत नाही. तुमचं पान लाल शाईने भरून परत देणारी एखादी प्राध्यापक मिळाली तर तिला सोडू नका. कलिनाच्या विद्यापीठ परिसरात अशी माणसं आहेत, दार वाजवावं लागतं. एसआयएसी, म्हणजे मुंबईतली नागरी सेवा तयारीची राज्य सरकारी संस्था, तिची प्रवेश परीक्षा जरूर द्या. मोफत प्रशिक्षण मिळतं आणि सोबत तयारी करणारी गंभीर मुलं भेटतात.

पीसबिल्डिंग शिकायला बाहेरदेशी जावं लागतं हा समज सोडा. भिवंडीत १९८४ ला मोठी दंगल झाली. तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून दोन्ही समाजांची माणसं आणि पोलीस यांच्या मोहल्ला समित्या वस्तीवस्तीत उभ्या केल्या. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. ती का राहिली, याचं उत्तर शोधणं म्हणजे या विषयाचा पाया. समित्यांमुळे संकट येण्यापूर्वीच बोलायची सवय होती, अफवा कुणाला विचारून तपासायची ते ठरलेलं होतं, आणि पोलीस ठाण्यातला अधिकारी ओळखीचा होता. पुढे मुंबईतही मोहल्ला समिती चळवळ उभी राहिली. तिच्याकडे वळण्याआधी मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोगाचा १९९८ चा अहवाल वाचा. सावकाश वाचा, तो जड आहे.

हाताने करून पाहायचं असेल तर आपल्याच सोसायटीतला पुनर्विकासाचा वाद घ्या. सभेला बसा आणि चार रकान्यांत टिपण करा: कोण, काय मागतो, का मागतो, कशावर मान्य होईल. 'तळमजलाच हवा' ही मागणी असते; आईचे गुडघे दुखतात हे कारण असतं. मागण्यांवर भांडण होतं, कारणांवर तोडगा निघतो. रकाना भरताना अंदाज लिहू नका, माणसाला विचारा. पुढे जमलं तर ४० तासांचं मध्यस्थी प्रशिक्षण घ्या. न्यायालयीन मध्यस्थीत तेच प्रमाण मानलं जातं. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यानंतर या कामाची गरज वाढणारच आहे.

परकी भाषा एकच घ्या आणि बी-२ पर्यंत न्या (ए-१ ही युरोपीय मोजणीतली सुरुवातीची पातळी, बी-२ म्हणजे त्या भाषेत काम करता येण्याची). तीन भाषांचे ए-१ दाखले कुणाच्या उपयोगाचे नाहीत. निवड सुचत नसेल तर फ्रेंच: यूएन सचिवालयाच्या कामकाजाची ती इंग्रजीबरोबरची भाषा आहे, आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि काँगो इथल्या मोहिमांत तिच्याशिवाय बाहेर पडणं कठीण. मरीन लाइन्सच्या आलियाँस फ्राँसेजमध्ये डेल्फ ही फ्रेंचची परीक्षा होते आणि तो दाखला आयुष्यभर चालतो. आयएफएसमध्ये निवड झाल्यावर परकी भाषा सरकार देतंच, त्यामुळे फक्त तेवढ्यासाठी आधी शिकायची घाई नको.

यूएनमध्ये पी-३ या मधल्या श्रेणीच्या पदांना अर्ज करत वर्षं घालवू नका, तिथे पाच वर्षांचा अनुभव लागतो. तरुणांसाठी यंग प्रोफेशनल्स प्रोग्राम आहे, वयोमर्यादा ३२, पण तो त्या वर्षीच्या यादीतल्या देशांच्या नागरिकांपुरताच असतो. यादीत भारत आहे का ते पाहूनच अभ्यासाला लागा. त्याआधी यूएन व्हॉलंटियर्सवर नोंदणी करा. घरबसल्या करायची ऑनलाइन कामंही तिथे मिळतात. नुसत्या 'पीस स्टडीज'च्या एमएवर दार उघडत नाही. सोबत एखादं हाताचं कौशल्य हवं: अर्थसंकल्प सांभाळणं, सर्वेक्षणाचा डेटा स्वच्छ करणं, नकाशे काढणं, कायदा.

इंटर्नशिपचा खर्च आधी कागदावर मांडा. सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी असते; न्यूयॉर्क-जिनिव्हात राहण्याचा खर्च तुमचा. युनिसेफ, यूएनडीपी, आयएलओ मानधन देतात. दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाची इंटर्नशिपही मानधनासह असते. घरची परिस्थिती ओढाताणीची असेल तर मानधन मिळतं तिथेच अर्ज करा, त्यात कमीपणा काही नाही. आणि 'यूएनमध्ये लावून देतो' म्हणत नोंदणीचे, मुलाखतीचे, प्रशिक्षणाचे पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. यूएन भरतीच्या कुठल्याच टप्प्यावर शुल्क घेत नाही. पैसे गेले असतील तर गप्प न बसता १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता कमी.