गोल्डन स्टॅग अखेर जाळ्यात

देवगडला जुलैचा पाऊस लागला की संध्याकाळी बाहेर पडणं नाहीच. मी आणि माझी भाची 'ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' हा व्हिडिओ गेम घेऊन बसतो; त्यात आपलं एक बेट असतं आणि तिथे किडे पकडायचे असतात. गेल्या वर्षी आम्हाला गोल्डन स्टॅग हवा होता, सोनेरी शिंगांचा भुंगेरा. उत्तर गोलार्धाच्या बेटावर तो फक्त जुलै-ऑगस्टमध्ये, संध्याकाळी ५ ते सकाळी ८ येतो. विकला तर १२,००० बेल्स, म्हणजे गेममधले पैसे.

आठवडाभर एकही हाती लागला नाही. दिसायचा, आम्ही धावायचो, तो उडून जायचा.

पहिली चूक, आम्ही आंबा-फणसाच्या आठवणीने आतल्या झाडांवर शोधत होतो. हा भुंगेरा माडावरच बसतो, आणि गेममध्ये माड वाळूतच रुजतो. आमच्या बेटाच्या किनाऱ्यावर माड तीनच होते! आणखी दहा लावले, अंतर राखून, म्हणजे भोवती फिरता येतं.

दुसरी गोष्ट चालण्याची, आणि खरी मेख तिथेच होती. जाळं हातात घेऊन ए बटण दाबून धरायचं, मग पात्र दबकत पुढे सरकतं. जवळ पोचलं की बटण सोडायचं, जाळं पडतं. घाई झाली की गेलाच. भाची म्हणाली, "मामा, मांजर कसं जातं, तसं जा." तेच जमलं.

बाकीचे साधे किडे मात्र आम्ही हाकलून देतो, म्हणजे नव्यांना जागा होते. हे सगळं सुरू केल्यावर तिसऱ्या रात्री, साडेनऊला, माडाच्या खोडावर सोनं चमकलं. भाचीच्या ओरडण्याने आई जागी झाली.

तो आम्ही विकला नाही, गेममधल्या संग्रहालयाला दिला.